शांतीची ओळ शेवटी

१४ जानेवारी

प्रिय मावशी,

आधी खाली बस, मग वाच. तुझी भाची पुढारी झाली आहे. आमच्या पिठाच्या गिरणीत पॅकिंगच्या बायकांनी काल जेवणाच्या सुट्टीत मला पुढे ढकललं आणि म्हणाल्या, "तुझा आवाज मोठा आहे, आमच्या वतीनं तू बोल." लहानपणी तू मला भोंगा म्हणायचीस, ते शेवटी कामी आलं.

हो, पॅकिंगच. ऑफिसात आहे असं तुला सांगितलं होतं ते अर्धं खरं होतं. ऑफिस आमच्या भिंतीपलीकडेच आहे. मी शिलाई यंत्रावर असते. भरलेलं पोतं पट्ट्यावरून येतं, मी त्याचं तोंड चिमटीत धरून सुईखालून सरकवते, दोऱ्याला गाठ मारते, की पुढचं हजर. काम मला आवडतं, खोटं कशाला बोलू. त्रास धुळीचा आहे. पीठ म्हणजे स्वयंपाकघरात मऊ, पांढरं, साधंभोळं वाटतं. इथे ते दिवसभर हवेत तरंगतं आणि नाकातोंडातून आत जाऊन बसतं. ते ओढून बाहेर टाकायला छताला एक दांडगा पंखा आहे. तो कधी बंद पडला हे कोणालाच आठवत नाही. आता त्यात कबुतरं राहतात आणि त्यांचा संसार उत्तम चाललाय.

आमच्यात पोती उचलणारे एक काका आहेत. श्वास घेतला की त्यांच्या छातीतून शिट्टी वाजते, म्हणून सगळे त्यांना शिट्टीकाका म्हणतात. ते स्वतःच सांगतात, "मी येतोय हे आधी कळतं, बरं पडतं." पूर्वी आम्ही हसायचो. हल्ली हसत नाही, कारण आमच्यातल्या काही जणींच्या छातीतूनही बारीक आवाज येऊ लागलाय.

तर आम्ही काय केलं ऐक. कामाला लागण्याआधी फाटकाशी उभं राहून जपमाळेचा एक फेरा म्हणतो, दहा मणी. ज्यांचा धर्म वेगळा त्या आपापलं मनात म्हणतात. मागणं सगळ्यांचं एकच, पंखा. मालक फार देवभोळे आहेत. काल ते गाडीतून उतरले, टोपी काढली आणि सरळ आमच्यात येऊन उभे राहिले. त्यांना वाटलं, गिरणीच्या भरभराटीसाठी चाललंय. आम्ही 'आमेन' म्हटलं, तर त्यांनी आमच्याहून मोठ्यानं म्हटलं. आम्हाला हसू दाबता दाबता पुरेवाट झाली.

तुम्ही मठात दिवसभर प्रार्थनाच करता, तर त्यात आमचा पंखा बसवून टाक. मी मजेत आहे. थोडी सर्दी आहे एवढंच. रविवारी चर्चमध्ये मिस्सेला गाणं अजूनही मीच उचलते.

तुझीच,
भोंगा


२१ जानेवारी

प्रिय भोंगाबाई,

आमच्याकडे जेवताना बोलायचं नसतं, एक जण काहीतरी वाचून दाखवते. मठाच्या प्रमुख मदरनी विचारलं, "आज काय वाचू या?" मी तुझं पत्र पुढे केलं. कबुतरांच्या संसारापाशी सगळ्यांत म्हाताऱ्या सिस्टरना हसू आलं आणि सूप नाकात गेलं. त्या ठसकल्या, बाकीच्या पाठ चोळायला धावल्या, मौनाचे तीन तेरा वाजले. तेव्हा पंखा बसला असं समज. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र, चारही वेळा तो आमच्या प्रार्थनेत असतो. म्हाताऱ्या सिस्टर कबुतरांनाही घालतात, त्यांना दुसरं घर मिळावं म्हणून.

ऑफिस भिंतीपलीकडे आहे म्हणे. थांब, ताईला लिहिते. तुझ्या आईलाही तू हीच थाप मारली असशील.

तू पिठाचं काम लिहिलंस म्हणून आमचंही सांगते. मिस्सेत वेदीवर जी पातळ, गोल, पांढरी ओस्ती अर्पण होते, जी नंतर प्रभूचं शरीर म्हणून तुम्ही जिभेवर घेता, ती आम्ही करतो. आसपासच्या सगळ्या चर्चना इथूनच जाते. गव्हाचं पीठ आणि पाणी, तिसरं काही चालत नाही. दोन तापलेल्या लोखंडी पाट्यांमध्ये पातळ मिश्रण ओतायचं, पापुद्र्यासारखा पत्रा निघतो. तो लगेच कापला तर तडकतो, म्हणून ओलसर कपाटात ठेवून मऊ होऊ द्यायचा, मग गोल कातरायचा. भट्टी माझ्या ताब्यात आहे. मठात येण्यापूर्वी मी बस कंडक्टर होते, त्यामुळे "पुढे सरका, पुढे सरका" ही सवय गेलेली नाही. पत्र्यांनाही म्हणते, सिस्टरांनाही.

पीठ आम्हाला एक गृहस्थ दान देतात. कधी पैसा घेतला नाही. त्यांच्यासाठीही रोज प्रार्थना होते. आणि त्यांच्याकडे हल्ली कोणीतरी भलं माणूस पोती शिवतंय. पूर्वी दोरा कापायला कात्री घेऊन झटापट करावी लागायची. आता एक टोक ओढलं की सगळी शिवण सुटते. म्हाताऱ्या सिस्टरांनासुद्धा जमतं.

तुझी सर्दी कधीपासूनची आहे ते पुढच्या पत्रात लिही. विसरले असं चालणार नाही.

तुझी,
मावशी


२ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

काल मालकांच्या खोलीत गेलो. मी, शिट्टीकाका आणि आमच्यातली एक वयस्क बाई, जी बोलणार नव्हती पण मागे उभी राहून माझ्या पदराला धरून ओढणार होती, मी जास्त तापले तर. तिनं सारखं ओढलं. खोलीत शिरताना मला आतून उकळ्या फुटत होत्या. आजवर त्या दाराची बाहेरचीच बाजू पाहिली होती.

मी सरळ म्हटलं, पंखा दुरुस्त करा. मालकांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग त्यांचे डोळे भरून आले, शपथ. म्हणाले, "तुमची श्रद्धा पाहून मी भारावलोय. फाटकाशी तुम्ही उन्हात उभं राहून प्रार्थना करता. मी तिथे मातेची मूर्ती बसवतो, वर छत घालून देतो." शिट्टीकाका म्हणाले, "साहेब, छत नको, छताचा पंखा हवा." मालक म्हणाले, "त्याचं बघू. धीर धरा. माझ्या हातून रोज देवाचं काम होतं, देव तुमचं वाईट होऊ देणार नाही." ते कसं, हे तू विचारू नकोस.

बाहेर आल्यावर मॅनेजरनं गाठलं. त्याला देवाचं फारसं वावडं नाही आणि आवडही नाही. म्हणाला, फाटकाशी गर्दी चालू राहिली तर शिलाईला नवीन बाया आणायला वेळ लागत नाही. आम्ही आज पुन्हा उभ्या राहिलो. कालच्याहून जास्त जणी होत्या. मावशी, मला इतकं भारी वाटलं की दहावा मणी संपल्यावर अकरावाही म्हटला.

पण एक विचारते. मालक वाईट नाहीत. त्यांच्याशी भांडायचं आणि त्यांच्यासाठी प्रार्थनाही करायची, हे एकाच तोंडानं कसं जमवायचं?

पोती शिवणारं माणूस भलं आहे असं लिहिलंस. असेल. सर्दी आहे तशीच.

तुझीच,
भोंगा


९ फेब्रुवारी

भोंग्या,

'ते कसं हे तू विचारू नकोस' म्हणालीस. मी विचारत नाही, मीच सांगते.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी नवं पोतं उघडायला घेतलं. टोक ओढणार, तेवढ्यात थांबले. चष्मा आणला. दोन फेरे आणि मागून एक फासा. ही गाठ माझ्या आईची आहे. तिनं ताईला आणि मला शिकवली, ताईनं तुला शिकवली असणार. जगात आणखी कोणाला येत असेल तर असो, पण एका ओढीत सुटणारी गाठ मारून वर शेपूट डावीकडे सोडायची खोड आपल्याच घरची. मी त्या पोत्याजवळ जमिनीवर बसले. इतके महिने तुझ्या हातचं पीठ माझ्या हातात येत होतं आणि तू मला सर्दीच्या गोष्टी सांगत होतीस.

मग रडले, मग राग आला, मग मदरकडे गेले. मदरनी घंटा वाजवून सगळ्यांना बोलावलं. आमच्याकडे मोठी गोष्ट ठरवायची तर प्रत्येकीला बोलावंच लागतं, जिला बोलायची लाज वाटते तिलाही. एक म्हणाली, दान परत करणं हा उद्धटपणा. दुसरी म्हणाली, गुपचूप दुसरीकडून पीठ विकत घेऊ. मदर म्हणाल्या, "गुपचूप घेतलं तर आपले हात स्वच्छ होतील आणि त्यांच्या छातीत तेवढंच पीठ जाईल." शेवटी म्हाताऱ्या सिस्टर उठल्या. त्या क्वचितच बोलतात. म्हणाल्या, "आपण हे पीठ वेदीवर ठेवून शांती मागतो. ज्यांनी ते भरलं त्यांना श्वास घेता येत नाही. मला हे आता गिळता येणार नाही."

ठरलं. मालकांना मदरचं पत्र गेलं आहे: पंखा फिरेपर्यंत दान नको. तोवर दुसरंही पीठ आणायचं नाही, आहे तेवढ्या ओस्त्या पुरवायच्या. चर्चना कळवलं आहे. मठात आज इतकी धावपळ आहे की संध्याकाळच्या स्तोत्रांना मी ताल सोडून पुढे पळाले.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: त्यांच्यासाठी प्रार्थना करतो म्हणूनच पोतं परत केलं. ज्याचं काही का होईना, आपल्याला काय, असं वाटतं त्याच्याशी कोण भांडत बसतं?

सर्दीचं उत्तर तू अजून दिलेलं नाहीस.

मावशी


१३ फेब्रुवारी

मावशी,

हे काय करून बसलात तुम्ही?

पोतं परत आलं तेव्हा मी यंत्रावर होते. मॅनेजर ते पोतं घेऊन आमच्यासमोर आला आणि विचारलं, "हे कोणाचं डोकं?" मला खरंच माहीत नव्हतं, तुझं पत्र घरी पोचायचं होतं. मालक दोन दिवस गिरणीत आले नाहीत. आज फाटकाशी निम्म्याच बायका उभ्या राहिल्या, बाकीच्या खाली बघत आत गेल्या. त्यांच्या घरी चूल आहे, मावशी. तुम्हाला भिंतीआड कोणी कामावरून काढणार नाही.

आई कालपासून माझ्याशी बोलत नाहीये. ऑफिसचं तिलाही कळलं.

तुला सांगितलं नाही, कारण त्या एका पोत्यानं मला तगवलं. दिवसभर पोती जातात, कुठे जातात देव जाणे. पण आठवड्यातून एक यायचं, त्यावर मठाचं नाव. ते मी सगळ्यांत सावकाश शिवायचे. वाटायचं, हे तरी माझ्या मावशीकडे जातंय, हे तरी वेदीवर जाईल. आता तेही गेलं.

भोंगा


२० फेब्रुवारी

माझ्या गुणी पोरी,

तुझा राग पोचला. बरोबर आहे तुझं. भिंतीआडून दगड मारला आणि लागला तुम्हाला. मदरना पत्र दाखवलं. त्यांनी मॅनेजरच्या नावे स्वतः लिहून कळवलं की दान थांबवणं हा मठाचा निर्णय आहे आणि पॅकिंगच्या एकाही बाईनं तो मागितलेला नाही. आजपासून त्या फाटकावरच्या निम्म्या बायकांची जागा आम्ही भरतो. तुम्ही ज्या वेळी उभ्या राहता त्याच वेळी आम्हीही अंगणात उभ्या राहून दहा मणी म्हणतो. म्हाताऱ्या सिस्टर खुर्ची नको म्हणतात.

आता कामाचं. ओस्त्या संपत आल्या आहेत. या रविवारी तुमच्या चर्चमध्ये फादर एकेक ओस्ती मोडून तिचे तुकडे करणार आहेत, म्हणजे सर्वांना पुरतील. घाबरू नका, तुकड्यातही प्रभू पुरता असतो. पण मोडायला वेळ लागेल, आणि गाणं तुझ्याकडे आहे म्हणून नीट वाच.

मोडताना आपण कोकराचं गीत म्हणतो. आपल्याला तीनदा म्हणायची सवय लागली आहे. 'देवाच्या कोकरा, आमच्यावर दया कर', पुन्हा 'दया कर', आणि तिसऱ्यांदा 'आम्हाला शांती दे'. ही सवय झाली, कारण हल्ली ओस्त्या आधीच लहान कातरून येतात, मोडायला फारसं काही नसतंच. मूळ रीत अशी की भाकर मोडून होईपर्यंत 'दया कर' हेच म्हणत राहायचं, कितीही वेळा. सगळी मोडून झाली, की मग शांतीची ओळ. ती नेहमी शेवटी. एका कंडक्टरचं ऐक, शेवटचा स्टॉप येण्याआधी उतरायची घाई करू नकोस.

तुझी,
मावशी


२६ फेब्रुवारी

मावशी,

तुझं पत्र सोमवारी पोचलं. रविवार होऊन गेला होता. आणि ते उशिरा आलं याबद्दल मी पोस्टमनला मिठी मारायला तयार आहे. का ते ऐक.

रविवारी चर्च भरलेलं. गिरणीतली बरीचशी माणसं, पहिल्या बाकावर मालक. फादर ओस्त्या मोडायला लागले, मी गाणं उचललं. दया कर, दया कर, शांती दे. सवयीनं तीनदा म्हणून मोकळी झाले. वर पाहिलं तर फादर अजून मोडतायत, आणि ताट अजून भरलेलं. त्यांना मोडण्याशिवाय काही करता येईना, मला पुन्हा सुरू करायचं धाडस होईना. मी शांती मागून बसले होते, आता पुढे काय म्हणणार? सगळे गप्प. इतकं गप्प चर्च मी कधी ऐकलं नव्हतं. ओस्ती मोडल्याचा बारीक कट्कट् आवाज येत होता.

आणि मग खोकले ऐकू आले.

आधी माझा. दाबला, दाबला, आणि फुटलाच. मग डावीकडून एक, मागून दोन. मग शिट्टीकाकांची शिट्टी, श्वास आत, श्वास बाहेर, छतापर्यंत चढत होती. गिरणीत यंत्रांचा धडधडाट असतो मावशी, तिथे आमचा खोकला आम्हालाही ऐकू येत नाही. इथे झाकायला काही नव्हतं. कोणाकोणाची छाती वाजतेय ते बाकागणिक कळत होतं. मालकांनी मान वळवली. मग दुसऱ्या बाजूला वळवली. मला वाटतं, आपल्याकडे किती माणसं काम करतात हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा मोजलं.

कोणीतरी मागून 'दया कर' पुन्हा सुरू केलं. शिट्टीकाकाच ते, सूर इकडचा तिकडे. मग सगळ्यांनी ती ओळ उचलली. फादरांचं मोडून होईपर्यंत आम्ही तीच ओळ म्हणत राहिलो. माझ्या वाट्याला तुकडा आला तो नखाएवढा होता.

सोमवारी मालकांनी बोलावलं. मॅनेजर शेजारी. मालक काही बोलायच्या आधी तोच म्हणाला, "चर्चमध्ये खोकून दाखवायचं नाटक कोणी बसवलं?" मला असा संताप आला की पदर ओढणाऱ्या बाईनंही पदर सोडून दिला. पण मी ओरडले नाही. म्हटलं, "नाटक वाटतं ना, मग पॅकिंगला या. यंत्रं बंद करा. आम्ही एक शब्द बोलणार नाही. मनातल्या मनात दहा मणी म्हणू, तेवढाच वेळ. तुम्ही नुसतं ऐका."

मालक उठले. यंत्रं थांबली. मावशी, ती थांबली की कान दुखतात. वर पीठ तरंगतंय, कबुतरं घुमतायत, आम्ही सगळ्या हात खाली सोडून उभ्या. कोणी खोकला काढला नाही, सगळ्या दाबत होत्या, आणि तरीही ते फुटत होतं, इथून, तिथून. मणी संपत आले तेव्हा मालकांनाच ठसका लागला. असा लागला की ते पोत्यावर बसले. शिट्टीकाकांनी त्यांना पाणी दिलं. पाणी प्यायल्यावर त्यांनी वर पंख्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हा कधीपासून बंद आहे?" मॅनेजर यंत्रं सुरू करायला वळला. मालक म्हणाले, "मी कधी वर बघितलंच नाही."

आता असं वाटलं ना, की झालं? आम्हालाही वाटलं. बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. तेवढ्यात मॅनेजरनं कागद आणला, फोटो काढायला माणूसही आणला. कागद असा: सगळ्यांना तोंडाला बांधायच्या पट्ट्या उद्याच मिळतील, पंखा सवडीनं, फाटकावर जमणं आजपासून बंद, मठाचं पीठ आजपासून सुरू. मालकांनी हात पुढे केला. बायका मागून ढोसतायत, "दे गं हात, झालं ना आता." माझा हात अर्धा वर गेलाही होता.

तुझं पत्र माझ्या ब्लाउजमध्ये होतं. सकाळीच पोचलेलं, दोनदा वाचलेलं. मी हात खाली घेतला. म्हटलं, "साहेब, काल चर्चमध्ये मी शांतीची ओळ आधीच म्हणून टाकली. ताट भरलेलं होतं. तेव्हा काय झालं ते तुम्ही ऐकलंत. ती चूक मी पुन्हा करणार नाही. पंखा फिरू दे, त्याच्याखाली उभी राहून हात देते."

मालकांनी हात खिशात घातला आणि ते निघून गेले. मॅनेजर मात्र माझ्याकडे बघून 'आता गेलीस' असं हसला. पुढे काय होईल काही माहीत नाही. बायका माझ्यावर चिडल्यात, पण आज फाटकावर सगळ्याच्या सगळ्या हजर होत्या.

आईनं आज डबा भरून दिला. बोलली नाही, पण भरून दिला.

भोंगा


५ मार्च

भोंग्या,

पत्र पुन्हा जेवताना वाचलं. यंत्रं थांबली तिथे वाचणारी सिस्टर थांबली आणि पुढे वाचेचना. शेवटी मदर स्वतः उठून म्हणाल्या, "पुढे सरका." माझं वाक्य चोरलं.

तुझा हात खाली आला ना, ते वाचून मी भट्टीवर जाऊन एकटीच टाळ्या वाजवल्या. गरम पाट्यांच्या साक्षीनं.

पण आनंदात एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली असं समजू नकोस. 'आधी माझा' असं लिहिलंयस. खोकला. दाबला, आणि फुटला. सर्दी म्हणे. डॉक्टरकडे जा. तुझी आणि शिट्टीकाकांची छाती तपासून घे आणि ते काय म्हणतात ते मला जसंच्या तसं लिही. तू गाणारी पोरगी आहेस. तुझा श्वास गेला तर मला पंखा काय करायचाय?

आमच्या ओस्त्या तळाला लागल्या. आता फादर तुकड्यांचे तुकडे करतात म्हणे. सगळीकडच्या चर्चमध्ये लोक विचारतायत, असं का, आणि सांगणारे सांगतायत.

मावशी


१८ मार्च

मावशी मावशी मावशी,

फिरला.

मूर्तीसाठी राखून ठेवलेले सगळे पैसे मालकांनी पंख्याला लावले. मॅनेजरला न विचारता कारागीर आणले. कबुतरांना आधी गोदामाच्या वळचणीला खोकं बांधून दिलं, तुमच्या म्हाताऱ्या सिस्टरांना सांग, त्यांचं मागणं आमच्याआधी मान्य झालं. काल दुपारी कळ दाबली. आधी एक घरघर, मग वरून पिसांचा आणि जुन्या पिठाचा असा लोट खाली आला की आम्ही सगळ्या पांढऱ्या भुतासारख्या झालो. मग हळूहळू हवा दिसायला लागली. म्हणजे हवेतून समोरची भिंत दिसायला लागली. तिचा रंग हिरवा आहे, मला माहीतच नव्हतं.

पंख्याचा आवाज एवढा, की शिट्टीकाकांची शिट्टी ऐकू येईना. आम्ही दचकून त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "आहे, आहे अजून. वाजतेय."

मग मी पंख्याखाली जाऊन उभी राहिले आणि हात पुढे केला. मालकांनी दोन्ही हातांत धरला. दोघांचेही पिठानं माखलेले होते. मी त्यांना सांगितलं, तुमच्यासाठी मठात रोज प्रार्थना होते. ते म्हणाले, "पोतं परत आलं तेव्हाच कळलं."

तुमचं पोतं उद्या निघतंय. ते मी सावकाश शिवलं.

डॉक्टरकडे अजून गेले नाही. जाते. नक्की.

भोंगा


२४ मार्च

माझ्या पोरी,

पोतं आलं. सगळ्या भट्टीपाशी जमल्या. टोक ओढायचा मान म्हाताऱ्या सिस्टरांना दिला. एका ओढीत सुटलं. त्यांनी मूठभर पीठ घेऊन हुंगलं आणि कबुतरांची चौकशी केली.

पहिला पत्रा निघाला तेव्हा आम्ही कोकराचं गीत सुरू केलं. कोणी ठरवलं नव्हतं, आपोआप झालं. दया कर, दया कर. मग म्हाताऱ्या सिस्टर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता शेवटची ओळ म्हणू ना?" मी म्हटलं, नाही. माझी भाची डॉक्टरकडे गेलेली नाही.

मदरनी मान डोलावली. तेव्हापासून मठात शांतीची ओळ मिस्सेपुरतीच म्हटली जाते. भट्टीपाशी आम्ही अजून दयेवरच अडून बसलो आहोत. कातरताना, निवडताना, भरताना, तेच. सगळ्या जणी तुझ्यामुळे खोळंबल्या आहेत, एवढं ध्यानात ठेव.

मावशी


२ एप्रिल

प्रिय मावशी,

घाईत लिहितेय, कामाची वेळ झाली.

आई मला हाताला धरून डॉक्टरकडे घेऊन गेली, शिट्टीकाकांनाही. माझ्या छातीत सूज आहे, पण ती उतरेल. औषध घ्यायचं, धुळीत राहायचं नाही, आणि गाणं म्हणे सोडायचं नाही, त्यानं फायदाच होईल. मी डॉक्टरांच्या खोलीतच रडले, आईही रडली, आता ती माझ्याशी भरपूर बोलते, थांबतच नाही.

शिट्टीकाकांचं तसं नाही. त्यांच्या छातीचं गेलेलं परत येणार नाही. पोती उचलणं बंद. मालकांनी त्यांना फाटकाजवळचं बसून करायचं काम दिलं, पगार तोच. मी त्यांना म्हटलं, काका, मठात शेवटची ओळ अडून राहिली आहे, आता मी काय कळवू? त्यांनी एक श्वास घेतला, छाती वाजली. मग म्हणाले, "म्हणायला सांग. पण पुढच्या वेळी परत पहिल्यापासून सुरू करा म्हणावं. मी अजून आहे."

तेव्हा मावशी, म्हणा आता.

तुझीच,
भोंगा